पेन्सिलीचे आकडे

भिवंडीतल्या एका गोदामाचं लीज होतं. संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते. फोर्टमधल्या आमच्या ऑफिसातला एसी सातला बंद होतो, म्हणून खिडक्या उघडल्या होत्या आणि खालच्या सँडविचवाल्याच्या तव्यावरच्या बटरचा वास वर येत होता. आमचा ज्युनिअर, लातूरकडचा, दोन वर्षं प्रॅक्टिस झालेला हुशार पोरगा, हातात एक पान घेऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिला. कलम २२. सोळा ओळींचं एकच इंग्रजी वाक्य, तीन ठिकाणी कंस, दोन ठिकाणी 'अदरवाइज', आणि सुरुवातीलाच येऊन बसलेला 'नॉट' नेमका कशाला नकार देतोय ते शेवटपर्यंत कळू नये अशी व्यवस्था. "तीनदा वाचलं मॅडम," तो म्हणाला, "दर वेळी वेगळाच अर्थ लागतोय." मी पान घेतलं, पेन्सिल काढली, अकराव्या ओळीतल्या क्रियापदाखाली रेघ ओढली आणि मग पानभर विखुरलेल्या शब्दांच्या डोक्यावर बारीक आकडे टाकत गेले. १, २, ३ करत १७ पर्यंत. म्हटलं, आता या क्रमाने वाच. त्याने ओठ हलवत वाचलं आणि कपाळावरची आठी सैल झाली. "लेखी नोटीस दिल्याशिवाय मालकाला गोदामात शिरता येणार नाही. एवढंच आहे होय यात?" एवढंच होतं. "पण मॅडम, ही कुठली पद्धत?" त्याने विचारलं, आणि मी सांगून टाकलं, "लॉ कॉलेजात आम्हाला एक सर होते, त्यांची."

असे कोणतेही सर नव्हते.

'भारी' म्हणून तो गेला. मी फायली आवरून सीएसएमटीपर्यंत चालत गेले, गाडी पकडली, घाटकोपरला बसायला मिळालं, आणि बसल्यावर ते खोटं टोचायला लागलं. मी कधी खोटं बोलत नाही असं म्हणणार नाही. चोवीस वर्षं वकिली केल्यावर तसं म्हणणं शोभणारही नाही. पण हे खोटं अगदीच बिनकामाचं होतं. त्यातून कुणाचा फायदा नव्हता, कुणाची अब्रू वाचत नव्हती. खरं उत्तर चार शब्दांचं होतं: आठवीत संस्कृतच्या बाईंनी शिकवलं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. मीच ते गिळलं आणि त्याच्या जागी कुठूनतरी एक सर आणून उभे केले, बहुधा चश्मा लावलेले, काळा कोट घातलेले, ज्यांचं नाव घेतल्यावर ज्युनिअरला पुढे काही विचारावंसं वाटू नये असे. कारण संस्कृत म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक हिशेब सुरू होतो, हे मी अनेकदा पाहिलंय. एक तर तो आडनावाचा हिशेब असतो. नाही तर समोरचा एकदम खूश होतो आणि रात्री 'नासा'चे शास्त्रज्ञ संस्कृतात संगणक चालवतात असा मेसेज पाठवतो. मला दोन्ही नको असतं, म्हणून मी गप्प बसते. गप्प बसायची इतकी सवय झालीय की आता सर जन्माला येऊ लागलेत.

आठवीच्या जूनमध्ये भाषेचा फॉर्म आला होता. १९९१ साल, सांगली. संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत की अर्धं-अर्धं, यावर टिक करायची होती. आमच्या घरात त्यावर चर्चा अशी झालीच नाही. बाबांनी मागच्या वर्षीची दहावीची गुणपत्रिका शेजारच्यांकडून मागून आणली, हिंदीला ७१ आणि संस्कृतला ९५ या दोन आकड्यांवर बोट ठेवलं आणि माझ्या वतीने टिक केली. 'स्कोअरिंग' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो उच्चारताना मोठ्या माणसांचा आवाज जरा खाली यायचा, सोन्याचा भाव उतरलाय हे सांगताना यायचा तसा. भाषेवरच्या प्रेमाबद्दल, परंपरेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वर्गात पाऊस कौलांवर वाजायचा आणि आम्ही चाळीस जणी त्याच्या वरचढ आवाजात 'रामः रामौ रामाः' म्हणायचो. तिसऱ्या ओळीपर्यंत अर्थाशी संबंध संपलेला असायचा. उरायची ती फक्त लय, जात्यावर बसल्यासारखी. 'रामाभ्याम्' तीनदा येतं, याचा आनंद व्हायचा, कारण तेवढी पाठांतराची बचत.

बाई डावखुऱ्या होत्या. फळ्यावर लिहिताना हाताची कड नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून घासत जायची, त्यामुळे तासाच्या शेवटी त्यांच्या ब्लाउजची डावी बाही खडूने पांढरी झालेली असायची. त्यांना पाठांतराचा स्पष्ट कंटाळा होता. रूपं आम्ही म्हणायचो तेव्हा त्या खिडकीतून बाहेर बघत असायच्या. पण सुभाषित आलं की त्या टेबलावरून उठायच्या, कानामागची अर्धी पेन्सिल काढायच्या आणि कुणाच्या तरी बाकाशी जाऊन त्या मुलीच्याच पुस्तकावर कामाला लागायच्या. मला आठवतो तो सिंह. 'न हि सुप्तस्य सिंहस्य प्रविशन्ति मुखे मृगाः.' आम्ही डावीकडून उजवीकडे अर्थ लावत सुटलो होतो: नाही, झोपलेल्या, सिंहाच्या, शिरतात... "थांबा," बाई म्हणाल्या, "आधी क्रियापद शोधा. बाकी सगळं त्याच्या मागून येतं." प्रविशन्ति. "आता त्याला प्रश्न विचारा. कोण शिरतं?" मृगाः. "कशात?" मुखे. "कुणाच्या?" सिंहस्य. "कसल्या सिंहाच्या?" सुप्तस्य. "आणि हा पहिला 'न' कुणाचा?" आम्ही गप्प. तो बसलेला सुप्तस्यच्या शेजारी, म्हणून आम्हाला वाटत होतं, न झोपलेला सिंह. बाईंनी 'न'पासून 'प्रविशन्ति'पर्यंत पेन्सिलीने एक लांब कमान काढली. "शेजारी बसला म्हणून तो त्याचा होत नाही," त्या म्हणाल्या. मग शब्दांच्या डोक्यावर आकडे. सुप्तस्य १, सिंहस्य २, मुखे ३, मृगाः ४. परीक्षेत याला अन्वय म्हणायचे आणि रिकाम्या जागा भरायला यायच्या. मला दहावीला संस्कृतात ९६ मिळाले. त्यानंतर या भाषेचं एकही पुस्तक मी विकत घेतलेलं नाही.

हे कबूल करायला हवं, कारण पुढचं सगळं त्यामुळे जरा विचित्र वाटतं. मला संस्कृत येत नाही. सकाळी ६.५५ला आकाशवाणीवर 'इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्' लागायचं तेव्हा बाबा दाढी करता करता "सांग काय म्हणाला" असं विचारायचे, आणि मला पंतप्रधानांच्या नावापलीकडे काही पकडता यायचं नाही. आता तर त्याहून कमी. देवळात स्तोत्र चालू असतं तेव्हा शेजारची बाई भक्तीने डोळे मिटते आणि मी मनातल्या मनात सप्तमी की षष्ठी हे ठरवत उभी असते. उरलंय ते एवढंच: एखादं अवघड वाक्य समोर आलं की डोळा आपोआप उजवीकडे, शेवटाकडे, क्रियापदाच्या शोधात पळतो.

आणि माझा धंदा अवघड वाक्यांचा आहे. कोर्टात उभं राहून गरजणारी वकील मी कधीच नव्हते. लोक करार पाठवतात, मी वाचते, आणि कोण कुणाला काय देणं लागतो ते सांगते. कुणी, काय, कुणाला, केव्हा, कशाच्या बदल्यात. कर्ता, कर्म, चतुर्थी, सप्तमी, तृतीया. एका बिल्डरच्या करारात 'लेखी' हा शब्द 'सूचना आणि संमती' यांच्या आधी आला होता, आणि संमती तोंडी चालेल की लेखीच हवी यावर दोन कंपन्या आठ महिने भांडत होत्या. बाईंनी कधीतरी जाता जाता देहलीदीपन्याय सांगितला होता: उंबऱ्यावर ठेवलेला दिवा आतही उजेड देतो आणि बाहेरही. आमच्या उत्तरात मी तो शब्द लिहिला नाही, लिहून कोण ऐकणार होतं. पण त्या विशेषणाकडे बघताना मला आमच्या सांगलीच्या घराचा उंबराच दिसत होता. सगळ्या मुद्द्याची मांडणी त्याभोवती केली.

लॉ कॉलेजात पहिल्याच वर्षी लॅटिन भेटलं. 'ऑडी आल्टेरम पार्टेम'. सर फळ्यावर लिहायचे, खाली इंग्रजी अर्थ, दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्या, आणि वर्ग ते मंत्रासारखं पाठ करायचा. मला मात्र ते शेवटचे दोन 'म' दिसले. आल्टेरम, पार्टेम. मतिम्, मालाम्. ही द्वितीया आहे! ऐकायचं कुणाला, तर दुसऱ्या बाजूला. 'ऑडी' म्हणजे आज्ञार्थ, तू ऐक. परक्या गावी एसटीतून उतरावं आणि कोपऱ्यावरच्या दुकानावर आपल्याकडचीच पाटी दिसावी तसं झालं. शेजारच्या मुलीला मी उत्साहाने सांगायला गेले, तर ती म्हणाली, "परीक्षेत विचारतात का?" नाही विचारत. मी पुन्हा गप्प. हे नातं मी शोधलं नव्हतंच म्हणा. १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं, तो भाषाशास्त्राच्या पुस्तकांतला पहिला धडा. त्या पुस्तकांत एक गोष्ट घाईत उरकतात ती मला जास्त आवडते: जोन्स न्यायाधीश होता. वारसाहक्काच्या खटल्यांत पंडित सांगतील तो अर्थ मान्य करावा लागतो, यावर त्याचा भरवसा बसेना, म्हणून तो संस्कृत शिकायला बसला. म्हणजे आधी कज्जा, मग व्याकरण.

पुढे आमच्या ऑफिसात मडगावचा एक सहकारी काही वर्षं होता. शाळा संपल्यावर पाद्री व्हायला सेमिनरीत गेलेला आणि तीन वर्षांनी परत फिरून वकील झालेला. का परतला ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्याच्याकडे तिथलं लॅटिन शिल्लक होतं, माझ्याकडे आठवी ते दहावीचं संस्कृत, आणि चहाच्या वेळी आमचा एक खेळ चालायचा. तो म्हणायचा 'मेन्सा, मेन्साम', मी म्हणायचे 'माला, मालाम्'. तो 'सेप्टेम', मी 'सप्त'. तो 'इग्निस', मी 'अग्निः'. तो 'विदुआ', मी 'विधवा', आणि या शब्दावर दोघंही जरा थांबलो होतो, इतक्या दूरच्या दोन भाषांनी नेमका हाही शब्द सांभाळून ठेवला म्हणून. एकदा मी त्याला 'म्युटॅटिस म्युटँडिस' विचारलं. आम्ही रोज वापरतो हा शब्द. वरच्या अटी इथेही लागू, आवश्यक ते फेरफार करून. त्याने कागदाच्या रुमालावर फोड करून दाखवली. म्युटँडिस म्हणजे बदलायला हवीत अशी. आपले 'अनीय', 'तव्य' हे प्रत्यय. म्युटॅटिस म्हणजे बदललेली. आपला 'क्त' प्रत्यय. दोन्ही एकाच विभक्तीत बसवली की अर्थ होतो: बदलायची ती बदलली असता. "अरे, ही तर सति सप्तमी!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की कँटीनवाला वळला. सूर्ये उदिते कमलं विकसति. सूर्य उगवला असता कमळ फुलतं. त्यांच्याकडे सप्तमीच्या जागी पंचमीच्या घरातली विभक्ती येते, एवढाच फरक. पंधरा वर्षं मी तो शब्द करारांत टाकत होते, दर पानाला, मीठ टाकावं तसा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची चव कळली. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी. मेमोरँडम म्हणजे स्मर्तव्यम्, लक्षात ठेवायचं. कंपन्यांची मेमोरँडम मी कितीतरी लिहिली. लक्षात ठेवायचं काय, ते त्या रुमालावर समजलं.

त्याचा पगार वाढला का यामुळे? माझा? नाही. तो आता गोव्यात परत गेलाय, तिथल्या जमिनींची कामं बघतो.

मराठी वकिलाला संस्कृताचा थेट उपयोग व्हावा अशी एकच जागा, ती म्हणजे वाटपाचे दावे. त्यातही आता काही शिल्लक नाही, सगळं कायद्यात आलंय. पण एके काळी 'पिंड' या एका शब्दाने अख्ख्या देशाची वाटणी केली होती. सपिंड म्हणजे ज्याचा पिंड एक तो. विज्ञानेश्वराने कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्यांच्या दरबारी मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिताना पिंडाचा अर्थ शरीर असा घेतला. ज्यांच्यात एकाच देहाचे अंश उतरलेत ते सपिंड, म्हणून वारसा रक्ताच्या जवळिकीने. बंगालच्या जीमूतवाहनाने पिंड म्हणजे श्राद्धाला द्यायचा भाताचा पिंड असं धरलं. जो पिंड देतो त्याचा हक्क. तिकडे बापाच्या हयातीत मुलाचा मालमत्तेत हिस्सा नाही, इकडे जन्मतःच हिस्सा. हा सगळा फरक एका शब्दावरून झाला असं म्हणणं सोपं करून सांगणं आहे. वर्षानुवर्षं हे उलगडत बसलेला माणूस म्हणजे पांडुरंग वामन काणे. मुंबई हायकोर्टात वकिली करता करता 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिला, पहिला खंड १९३०चा, शेवटचा १९६२चा, मिळून साडेसहा हजारांवर पानं. पुढच्याच वर्षी भारतरत्न. आमच्या धंद्यात त्यांचं नाव अजून निघतं. पुस्तक उघडलेलं मी कुणाला बघितलेलं नाही.

आणि त्या साऱ्या विद्वत्तेत मुलगी कुठे होती? माझी दहावी झाली त्याच जूनमध्ये, २२ जून १९९४ला, महाराष्ट्राने कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा दिला. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना नाही. माझ्या मावसबहिणीचं लग्न मे महिन्यात झालं होतं. पाच आठवडे. २००५ साली केंद्राचा कायदा आला तेव्हा कुठे ती अट गेली. तोवर तिच्या भावांनी विहिरीसकट सगळं आपसात वाटून टाकलं होतं. तिला तो १९९४चा कायदा मी वाचून दाखवला होता, अन्वयासकट. अर्थ स्वच्छ होता. अर्थ स्वच्छ असण्याचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही.

शाळेत बक्षीस समारंभाला कुणीतरी पाहुणे हमखास चिंतामणराव देशमुखांची गोष्ट सांगायचे. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र, मग आयसीएसला पहिले, १९४३ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि तरी मेघदूताचं मराठी भाषांतर. तात्पर्य: संस्कृत घ्या. मला तेव्हाही यात काहीतरी गोची वाटायची, आता तर खात्रीच आहे. देशमुखांनी शाळेत सुतारकाम घेतलं असतं तरी ते पहिलेच आले असते. ज्या घरातली मुलं हे विषय घेतात त्या घरात वर्तमानपत्र येत असतं, दिवा असतो, कुणीतरी मागच्या वर्षीची गुणपत्रिका मागून आणणारं असतं. विलायतेतही लॅटिनची तीच कथा. १९६०च्या आसपासपर्यंत ऑक्सफर्ड-केंब्रिजचं दार लॅटिनशिवाय उघडत नव्हतं. मग तिथून निघालेले सगळे साहेब लॅटिनमुळे साहेब झाले असं म्हणायला मोकळे. १८५५च्या आयसीएसच्या परीक्षेत लॅटिनला ७५० गुण ठेवले होते, ग्रीकला ७५०, संस्कृतला ३७५. स्कोअरिंग विषय कोणता, हे विषय नाही ठरवत. गुण ठेवणारा ठरवतो.

गेल्या दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण भेटली. आठवीत तिची तुकडी बदलली, ती हिंदीत गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. का गेली हा प्रश्न मला तीस-बत्तीस वर्षांत पडला नव्हता. ती नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिच्या घरी चहा पीत बसलो होतो, टेबलावर विद्यार्थिनींच्या उत्तरपत्रिका पसरल्या होत्या. त्यांत औषधं केव्हा द्यायची ते सांगणारी लॅटिन आद्याक्षरं: बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस. मी सहज विचारलं, याचं मूळ शिकवता का गं पोरींना? "शिकवते की," ती म्हणाली, आणि खडाखडा सांगितलं. बिस इन डाय, दिवसातून दोनदा. टीडीएसमधला शेवटचा शब्द सुमेंडम, घेण्याचं. एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाचा नाही, सी ओपस सिट, गरज पडली तर. मी तिला म्युटँडिसची गंमत सांगितली, तेच ते 'घेण्याजोगं', 'बदलण्याजोगं', आपल्याकडे संस्कृतात... ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मला कुठे माहीत असणार? मी फॉर्मवर संस्कृतच लिहिलं होतं. वर्गशिक्षकांनी खोडलं. म्हणाले, तुझ्याच्यानं उच्चार व्हायचे नाहीत." तिचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. सातवीत तिला माझ्यापेक्षा चार गुण जास्त होते, हे तिनेच सांगितलं. माझ्या लक्षात नव्हतं. असं लक्षात राहत नसतं. बाबासाहेबांना मुंबईच्या शाळेत संस्कृत मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली, आणि मग त्यांनी ते स्वतःच्या बळावर मिळवलं, हे मी भाषणात दोनदा वापरलेलं उदाहरण आहे. इतिहासातलं म्हणून. माझ्याच बाकावरचं म्हणून कधीच नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अगं, आम्ही तरी कुठे आवडीने घेतलं होतं? मार्कांसाठी तर." ती हसली. "मला पण मार्क हवेच होते की," ती म्हणाली आणि चकलीची ताटली पुढे सरकवली.

तर भिवंडीचं ते पान हातात असताना, ज्युनिअरने विचारलं तेव्हा, ही चकलीची ताटली माझ्यात आणि खऱ्या उत्तरात आडवी आली असेल का? तसं म्हटलं तर ते खोटं जरा सुसंस्कृत वाटतं, म्हणून मला त्याचाच संशय येतो. शरम होती, थोडी. पण त्याहून साधी गोष्ट अशी की एका वकिलाने लॉ कॉलेजात शिकलेलं विकता येतं, शाळेत शिकलेलं येत नाही. शिवाय बाई. 'एक सर होते' म्हटलं की वजन येतं. 'एक बाई होत्या' म्हटलं की स्वेटरची आठवण येते. हे मीच करावं, जिला अजून फोनवर "मोठ्या साहेबांना द्या" असं सांगतात!

१ जुलै २०२४पासून फौजदारी कायद्यांची नावं बदलली, तेव्हा ऑफिसात माझा भाव जरा वधारला होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हे एका दमात म्हणताना दक्षिण मुंबईतले मोठमोठे कौन्सिल अडखळत होते. एक जण फोन करून विचारत होता, "संहिता म्हणजे नक्की काय?" मी सांगितलं, एकत्र ठेवलेलं, जोडलेलं. त्याला ते फार आवडलं. पण त्याच आठवड्यात आमच्या इमारतीचा वॉचमन मुलाची केस घेऊन आला होता. त्याला फसवणुकीचं जुनं ४२० कळत होतं, नव्या न्याय संहितेत त्याच्या जागी आलेलं ३१८ काय ते कळेना. त्या नव्या नावातलं एकही अक्षर त्याच्या कामाचं नव्हतं. त्यालाही मी तेच करून दाखवलं, आरोपपत्रातलं वाक्य घेऊन: कोण, कुणाला, काय. एवढं त्याला लगेच समजलं.

परवा मी कॉन्फरन्स रूमच्या दारावरून चालले होते. आत आमचा ज्युनिअर नव्या इंटर्नला काहीतरी समजावत होता. पुण्याची मुलगी, तिसऱ्या वर्षाला आहे. टेबलावर एक करार, त्याच्या हातात पेन्सिल. "आधी व्हर्ब शोधायचा," तो सांगत होता, "मग त्याला प्रश्न विचारायचे. मॅडमचे लॉ कॉलेजचे एक सर होते, त्यांची ट्रिक आहे. फार कडक होते म्हणे." कडक होते, हे मी कधीही म्हणाले नव्हते. महिन्याभरात माझ्या सरांना स्वभाव फुटला होता. आणखी वर्षभराने त्यांना आडनाव आलं असतं.

मी आत गेले. "सर नव्हते," मी म्हटलं, "बाई होत्या." दोघांनी वर पाहिलं. "लॉ कॉलेजला?" इंटर्नने विचारलं. "नाही. शाळेत. आठवीला." "इंग्लिशच्या?" "संस्कृतच्या." मी वाट बघत होते, त्या हिशेबाची. ज्युनिअरने पेन्सिलीचं टोक दोनदा टेबलावर आपटलं. "आमच्या शाळेत नव्हतंच मॅडम," तो म्हणाला, "मास्तरच नव्हते त्याला." मग त्याने पान माझ्याकडे वळवलं. नऊ ओळींचं वाक्य, आकडे १ ते १२, आणि तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दाखाली जाड रेघ. मी खुर्ची ओढून बसले. "हे क्रियापद नाही," मी म्हटलं, "क्रियापदासारखं दिसतंय फक्त. विशेषण आहे ते." त्याने खोडरबर शोधलं, सापडेना, तेव्हा बोटानेच रेघ पुसायचा प्रयत्न केला आणि ती आणखी काळी झाली. इंटर्न पानावर वाकली.

"मग खरं कुठंय?"